उघड म्हणेन तेव्हा

समुद्रावर आपटलो आणि पाठोपाठ यान उलटं झालं. आम्ही दोघं पट्ट्यांना लोंबकळत होतो, डोकं खाली, पाय वर. खिडकीत आकाश दिसायला हवं होतं, तिथे हिरवं पाणी होतं. घशाशी आलेलं कसंबसं गिळून मी विचारलं, "सर, ठीक आहात ना?"

बरुआ सरांचा श्वास मला कानातल्या फोनमधून ऐकू येत होता, तुटक, मोजूनमापून घेतल्यासारखा. मग अगदी नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "मृणाल, माझे पाय जागेवर आहेत का, बघ जरा."

मी मान वळवून पाहिलं. पाय जागेवर होते. बूट, पट्टे, सगळं जिथल्या तिथे होतं.

"आहेत सर."

"मग मला ते कळत का नाहीयेत?" ते म्हणाले.

यानाच्या डोक्याशी तीन मोठे फुगे असतात. ते फुगले की उलटं पडलेलं यान आपोआप सुलटं होतं. फुगे फुगल्याचा आवाज आला, यान हळूहळू वळायला लागलं, आणि मधेच अडलं. पुरतं सुलटं झालंच नाही. कुशीवर पडलेल्या माणसासारखं ते एका अंगावर कलून राहिलं. सरांची बाजू खाली, माझी वर. लाटा येत होत्या आणि प्रत्येक लाटेबरोबर भिंतीतून कण्हल्यासारखा आवाज येत होता.

आम्ही दोघंही नौदल अकादमीतून बाहेर पडलेले. सर माझ्यापेक्षा कितीतरी वर्षांनी मोठे, ब्रह्मपुत्रेच्या काठचे. मी मालवणजवळच्या देवबागची. अकादमीत पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, की समुद्रात पडलेल्या माणसाने आधी गप्प राहून कान द्यावेत. वरून, अंतराळातून, दोन आठवड्यांनी परत आलेलं शरीर असं असतं की हात उचलायचा तर कुणीतरी त्याला धोंडा बांधल्यासारखं वाटतं. त्यामुळे मी गप्प राहिले आणि कान दिले. लाटांच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. खळखळ. बारीक, थांबून थांबून येणारी.

सरांच्या बाजूला, हवा आत घेण्यासाठी पाण्यावर उतरल्यावर आपोआप उघडतं ते झाकण होतं. यान सरळ तरंगलं असतं तर ते पाण्याच्या बरंच वर राहिलं असतं. आता ते लाटेच्या रेषेत होतं. मी ते बंद करायचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. सर म्हणाले, "राहू दे. ते बंद होणार नाही. माझ्या कोपराला पाणी लागतंय."

नियंत्रण कक्षाशी संपर्क झाला तेव्हा तिथला आवाज शांत होता. आम्ही ठरलेल्या जागेपासून बरेच लांब उतरलो होतो. ज्या मोठ्या जहाजावर यान उचलायची यारी, पाणबुडे आणि डॉक्टरांची अख्खी फौज आमची वाट पाहत होती, ते क्षितिजाच्याही पलीकडे राहिलं होतं. तिथून हेलिकॉप्टर निघालं होतं. मी सरांच्या पाठीबद्दल सांगितलं, पाण्याबद्दल सांगितलं.

"आतच थांबा," आवाज म्हणाला. "दार उघडू नका. दार उघडलंत तर यान भरेल आणि बुडेल. जखमीला अजिबात हलवू नका. हेलिकॉप्टरमधले पाणबुडे यानाला तरंगतं ठेवणारं कडं बांधतील, मगच बाहेर यायचं."

"हेलिकॉप्टरला किती वेळ?"

"वाटेत आहे."

आमच्याकडे ज्या प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यायचं नसतं, त्याला 'वाटेत आहे' म्हणतात.

मी माझे पट्टे सोडले आणि घसरत सरांच्या बाजूला आले. आल्याबरोबर उलटी झाली. सर म्हणाले, "अंगावर झाली तरी चालेल, पण वायरींवर नको." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि कपाळावर घाम होता. पाणी त्यांच्या आसनाच्या खालच्या कडेशी पोचलं होतं. तेवढ्यात खांद्याला लावलेला छोटा रेडिओ खरखरला. हा रेडिओ फक्त जवळच्या जहाजांशी बोलायला असतो. त्यावर कुणाशी बोलायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

"यान, यान, मी सर्वेक्षण जहाज 'शिंपला'. तुम्ही मला दिसताय. ऐकू येतंय का?"

मी तो आवाज ओळखला. इतक्या वर्षांनी, वाऱ्यातून आणि खरखरीतून येऊनही ओळखला.

"रेडकर?"

पलीकडे क्षणभर नुसता वारा.

"होय," तो म्हणाला. "तारी, आत किती पाणी आहे?"

यशोधन रेडकर माझ्याच तुकडीतला. तो वेंगुर्ल्याचा. अकादमीत आम्ही दोघंच सिंधुदुर्गातले, त्यामुळे पहिल्या दिवसापासून एकमेकांना धरून होतो. मालवणीत बोललो की बाकीचे चिडायचे, म्हणून मुद्दाम बोलायचो. तारी, म्हणजे नावाडी, हे नाव त्यानेच मला पाडलं. पुढे मी नौदलाची विमानं चालवायला लागले आणि तो समुद्राचा तळ मोजणाऱ्या शाखेत गेला. अंतराळवीरांची निवड निघाली आणि त्या खेपेला वैमानिकांबरोबर इतर शाखांतल्या अधिकाऱ्यांनाही घ्यायचं ठरलं, तेव्हा दोघांनीही नावं दिली. शेवटच्या काही जणांत दोघंही उरलो.

शेवटच्या मुलाखतीत प्रत्येकाला इतरांबद्दल विचारत. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी रेडकर माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "कोणाबरोबर जायला नको वाटेल, असं मला विचारलं. मी तुझं नाव घेतलं." लपवाछपवी त्याच्या स्वभावातच नव्हती. मी ताट तसंच ठेवून उठले. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना त्याच्या हृदयाच्या ठोक्यात काहीतरी सापडलं. जमिनीवर किंवा पाण्यावर आयुष्यभर त्रास होणार नाही असं, पण वर चालणार नाही असं. तो गेला आणि मी राहिले. त्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. त्याच्या लग्नाची पत्रिका आली होती, मी गेले नाही. माझी निवड जाहीर झाली तेव्हा त्याचाही फोन आला नाही.

आणि आता माझ्या खांद्यावर त्याचा आवाज होता.

"आसनाच्या कडेपर्यंत," मी सांगितलं. "वाढतंय."

"रेडिओवर नियंत्रण कक्षही आहे ना?"

"ऐकतायत. तुझंही त्यांना जातंय."

कक्षातला आवाज लगेच मधे आला. "शिंपला, तुम्ही अंतर राखून राहा. यानात विषारी इंधन शिल्लक आहे. गळती असू शकते. तपासणी झाल्याशिवाय जवळ यायचं नाही."

"समजलं," रेडकर म्हणाला. पुढचं वाक्य तो मालवणीत बोलला, तेही चौकातल्या माणसाला हाक मारावी इतक्या सहज.

"तारी, आता मी सांगतंय ता नीट ऐक. ह्या थंय कोणाक कळाचा नाय. साहेबांका मालवणी येता?"

मी सरांकडे पाहिलं. ते डोळे मिटून होते.

"नाय," मी म्हटलं.

"तुमचो एक फुगो फाटलो हा. पॅराशूटची दोरी तेच्यात अडकली हा. दुसऱ्याची हवा जाता. हेलिकॉप्टर येयसर ह्या तरंगाचा नाय."

हेलिकॉप्टर येईपर्यंत यान तरंगणार नाही, हे कक्षाला दिसत नव्हतं. त्यांच्या पडद्यावर तीन फुग्यांच्या जागी तीन आकडे असणार, आणि आकडे किती खरे हे दिवा न लागलेल्या त्या बटणाने मला आधीच दाखवलं होतं. रेडकर मात्र आपल्या जहाजाच्या माथ्यावर उभा राहून डोळ्यांनी बघत होता. अजून किती वेळ, असं मी त्याला विचारलं नाही. पाणी आसनाची कड ओलांडून सरांच्या खांद्याखाली शिरत होतं, ते मला दिसत होतंच.

"तेंच्या पाठीक लागला हा," मी म्हटलं. "पाय हलणत नाय. हलवू नको म्हणतत."

तो म्हणाला, "मगे हलवूक व्हया. कसा, ता तू बघ. मी जहाज वाऱ्याक आडवा घालतंय."

कक्षातला आवाज म्हणाला, "कृपया सगळ्यांना समजेल त्या भाषेत बोला."

"हवामानाबद्दल बोलत होतो," रेडकर इंग्रजीत म्हणाला. एरवी लपवाछपवी त्याला जमत नसे.

सरांनी डोळे उघडले. आम्ही आपसात हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत असू. "तुझ्या मित्राने काय सांगितलं ते मला कळलं नाही," ते म्हणाले, "पण तुझा चेहरा मला कळतो. बुडतंय ना?"

"होय सर."

"मग दार उघड आणि जा. ही आज्ञा आहे."

"सर, तुम्ही जखमी आहात. सूत्रं माझ्याकडे आली."

"कधीपासून?"

"तुम्ही पाय विचारलेत तेव्हापासून."

ते हसले नाहीत. "ऐक," ते म्हणाले. "हे दार केवढं आहे ते तुला माहीत आहे. ताठ पाठीचा माणूस त्यातून सरळ निघत नाही, वाकावं लागतं. मी वाकलो तर जे काही उरलं असेल ते तुटेल. न वाकता मला काढायला वेळ लागेल, आणि तेवढ्यात हे भरेल. दोन माणसं घालवण्यापेक्षा एक. हा हिशोब आपण दोघं शिकलोय."

हिशोब बरोबर होता. मला त्यात चूक सापडली नाही, आजही सापडत नाही. फक्त मी तो करत नव्हते. मी त्यांच्या आसनाकडे बघत होते.

आमची आसनं प्रत्येकाच्या शरीरावरून साचा घेऊन बनवलेली होती. मानेपासून मांड्यांपर्यंत अंगाला बसणारं एक कडक कवच, आणि ते खालच्या सांगाड्याला खिट्ट्यांनी अडकवलेलं. सर त्या कवचात चपखल बसले होते, पेटीत ठेवलेल्या वाद्यासारखे. त्यांची पाठ ज्यात सगळ्यात कमी हलेल अशी फळी त्यांच्या पाठीखालीच होती.

"सर, मी तुम्हाला आसनासकट काढते."

त्यांना समजायला एक लाट लागली. "ते दारातून जाईल?"

"आडवं नाही जाणार. कडेवर उभं केलं तर जाईल."

"जाईल की जाईलसं वाटतंय?"

"वाटतंय."

सरांनी नजरेने दार मोजलं. मग म्हणाले, "जे करशील ते करायच्या आधी सांग. न सांगता हात लावू नको."

मी झोपायच्या पिशवीची गुंडाळी करून त्यांच्या मानेच्या दोन्ही बाजूंना ठासली. "आता कपाळावरून पट्टा घेते." घेतला. "आता छाती." घेतला. "आता कंबर, दुखेल." दुखलं. त्यांच्या तोंडून आवाज आला नाही, पण डाव्या हाताने माझी बाही मुठीत धरली होती, ती एवढी घट्ट की सोडवावी लागली. खिट्ट्या पाण्याखाली होत्या. पाणी थंड नव्हतं, पण माझे हात माझे वाटत नव्हते. वर असताना याच बोटांनी मी सुईच्या टोकाएवढा स्क्रू अलगद फिरवला होता. पहिली खिट्टी निघाली. दुसरी निघाली. डोक्याकडची एक अडून बसली. ती काढायला मला श्वास धरून पाण्यात तोंड घालावं लागलं, आणि तोंड घातल्याबरोबर सगळं यान माझ्याभोवती गरगरायला लागलं. कान अजून पृथ्वीवर आले नव्हते. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मी बाहेर येऊन ओकले आणि परत गेले.

"तारी," रेडिओवर रेडकर. आता मराठीत. "मी वाऱ्याच्या बाजूला आलोय. जाणवतंय?"

जाणवत होतं. भिंतीचं कण्हणं कमी झालं होतं. त्याने आपलं जहाज वारा आणि आमच्यामधे आडवं उभं केलं होतं, भिंत घालावी तसं. ते करणं म्हणजे काय, हे समुद्रावर काम केलेल्याला सांगावं लागत नाही. आडव्या लाटा कुशीत घेतलेलं जहाज एवढं डोलतं की माणसं उभी राहू शकत नाहीत, आणि वारा ते हळूहळू ज्याला आडोसा द्यायचा त्याच्याच अंगावर ढकलत नेतो. पाण्याखालच्या पंख्याचा धोका नको म्हणून त्याने यंत्रंही थांबवली असणार.

कक्षातला आवाज आता शांत राहिला नव्हता. "शिंपला, तुम्हाला अंतर राखायला सांगितलं आहे. मागे व्हा."

"ऐकलं," रेडकर म्हणाला. "मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे, वास माझ्याकडे येत नाही. आणि मागे होण्यासाठी यंत्रं चालू करावी लागतील. पाण्यात माझी माणसं आहेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोण माणसं?"

"दोन पाणबुडे. स्ट्रेचर घेऊन दाराशी आहेत तुझ्या."

मी त्याला अजून काहीच सांगितलं नव्हतं. सूत्रं घेतल्याचं नाही, आसनाचं नाही. सरांना सोडून येणार की घेऊन, तेही नाही. तेवढ्यात दारावर बाहेरून थाप पडली. माणसाच्या हाताची.

शेवटची खिट्टी निघाली आणि कवच सुटून पाण्यावर तरंगलं. ते तरंगेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सर त्यात बांधलेले, गळ्यापर्यंत पाणी, चेहरा छताकडे. मी त्यांना दाराकडे वळवलं. पाण्यामुळे ते सोपं झालं होतं.

"मी तयार आहे," मी रेडिओवर सांगितलं. "सर आसनासकट येतायत, कडेवर. तुझ्या माणसांना सांग."

"सांगितलं. आता दाराच्या मुठीवर हात ठेव आणि मी उघड म्हणेन तेव्हाच उघड. मला लाटा दिसतायत, तुला दिसत नाहीत. माझ्यावर सोड."

मुठीवर हात ठेवला. कक्षातलं कुणीतरी काहीतरी म्हणत होतं. मी तो फोन कानातून काढला.

ज्या माणसाने मला नको म्हटलं होतं त्याच्या शब्दावर मी दार उघडणार होते. हे तेव्हा मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. पण दुसरं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं कुणी असतं तरी लाटांच्या बाबतीत मी त्याचंच ऐकलं असतं.

"आता नको," रेडकर म्हणाला.

यान वर उचललं गेलं आणि खाली आलं.

"नको."

पाणी सरांच्या हनुवटीला लागलं. ते नाकाने श्वास घेत होते.

"नको. मोठी येतेय, घट्ट धर."

ती आली. सगळं कलंडलं, सर आणि मी भिंतीवर आदळलो, त्यांचा चेहरा पाण्याखाली गेला आणि वर आला. त्यांनी पाणी थुंकलं आणि म्हणाले, "तुझा मित्र सावकाश माणूस आहे."

"उघड."

मी मूठ फिरवली आणि खांद्याने दार ढकललं. उजेड आणि पाणी एकदम आत आलं, पण जेवढं येईल असं मला वाटलं होतं तेवढं नाही. दोन लाटांमधला तो सपाट, तेलकट, शांत तुकडा होता, आणि त्याच्या पलीकडे 'शिंपला'ची राखाडी भिंत आभाळाएवढी उभी होती. रबरी टोपीतला एक चेहरा दारात आला. हात आत आले. आम्ही कवच कडेवर उभं केलं, मी आतून, ते बाहेरून. डोकं गेलं, खांदे गेले, आणि छातीशी येऊन अडलं.

"काय अडलंय?" बाहेरून आवाज.

सरांच्या पोशाखाची नळी. छातीवरची तिची धातूची कडी दाराच्या काठात रुतली होती. पाणी माझ्या छातीपर्यंत आलं होतं. माझ्या मांडीला पट्टे कापायची आकडेदार सुरी होती. "सर, नळी कापते," मी म्हटलं, कारण आधी सांगायचं ठरलं होतं. कापली. कडी निघेना. मी दोन्ही पाय समोरच्या आसनाला लावले आणि पाठीने कवच रेटलं. वर असताना मी बोटाच्या टोकाने त्यांना यानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकललं होतं, गंमत म्हणून. आता माझ्यात होतं नव्हतं तेवढं सगळं लावूनही तसूभर हलेना. मग खालून एक उसळी आली, लाटेची, आणि कवच सुटलं. सर दारातून गेले आणि त्यांच्यामागून मी.

माझ्यामागे दाराचं तोंड पाण्याखाली गेलं. मी डोळे उघडे ठेवले. वर हिरवा उजेड होता आणि त्या उजेडातून एक हात खाली आला. मी तो धरला.

यान बुडताना मी पाहिलं नाही. पाणबुड्याने नंतर सांगितलं की मी बाहेर आल्यावर ते जास्त वेळ राहिलं नाही, आणि ते गेलं त्याच जागेवर थोड्या वेळाने 'शिंपला' सरकत आलं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा सर जहाजावर होते, कवचातच, आणि डॉक्टर त्यांच्या तळपायाला टाचणी टोचून विचारत होता, "कळतंय?" सर म्हणाले, "अंगठा. उजव्या पायाचा अंगठा. पुन्हा टोचा."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. सर बरेच महिने रुग्णालयात होते. ते चालतात, काठी लागते, चढ चढताना बायकोचा खांदा लागतो. चौकशी झाली. आज्ञा मोडून जहाज धोक्यात घातलं असा ठपका रेडकरवर आला, आणि माणसं वाचली म्हणून शाबासकीही, पण वरच्या पदाच्या वेळी ठपकाच पुढे आला. तो मुदतीआधी नौदल सोडून वेंगुर्ल्याला परतला आणि आता बंदरखात्याला गाळ मोजून देतो. चौकशीत मला विचारलं की त्या परभाषेतल्या बोलण्यात नेमकं काय होतं. मी एकेक वाक्य भाषांतर करून सांगितलं. त्यातलं 'तरंगाचा नाय' हे वाक्य चौकशी मंडळाच्या अध्यक्षांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. माझ्या फुप्फुसांत इंधनाची वाफ थोडी गेली होती. त्याने रोजच्या जगण्यात काही अडत नाही, पण तेवढ्यावरून वर पाठवत नाहीत. मी आता नव्या लोकांना शिकवते. परत गेले नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सरांना हेलिकॉप्टरने नेलं आणि मला, उलट्या थांबत नव्हत्या म्हणून, जहाजावरच ठेवलं. ऊन उतरायला लागलं होतं. रेडकरच्या सुकाणूघरात भिंतीला टेकून, ब्लँकेट गुंडाळून मी बसले होते, कारण आडवं झालं की जास्त गरगरत होतं. कुणीतरी पेजेचा वाडगा आणून ठेवला होता. रेडकर माझ्याकडे पाठ करून समोर बघत उभा होता. इतक्या वर्षांत तो थोडा जाड झाला होता.

"पाणबुडे तू आधीच उतरवलेस," मी म्हटलं.

"हं."

"स्ट्रेचरसकट. मी काही सांगायच्या आधी."

"तू एकटी बाहेर येणार नव्हतीस," तो मागे न बघता म्हणाला. "मग वेळ कशाला घालवायचा?"

"मी एकटी आले असते तर?"

"आली नसतीस." त्याने सुकाणूवरच्या माणसाला एक दिशा सांगितली. मग म्हणाला, "त्या मुलाखतीत त्यांनी नुसतं कोण नको असं नव्हतं विचारलं. विचारलं, की एकाला मागे ठेवून परत यायची वेळ आली तर तुमच्यापैकी कोणाला ते जमणार नाही. मी खरं ते सांगितलं."

पेज गार होत होती.

"तेव्हा का नाही सांगितलंस हे?"

"तू ताट ठेवून गेलीस."

मी पेजेचा एक घोट घेतला. तो पोटात राहिला. दुसरा घेतला. जहाज आता सरळ चाललं होतं, डोलणं थांबलं होतं, आणि पूर्वेला आभाळ आणि पाणी जिथे मिळतात तिथे अजून काही दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळाने रेडकर वळला. माझ्यासमोर उकिडवा बसला, आवाज खाली केला. सुकाणूवरच्या माणसाला कळू नये म्हणून असेल, किंवा उगाच, तो मालवणीत बोलला.

"वरसून आपलो किनारो दिसता?"

निवडीतून गाळल्यापासून त्याने हे कुणाला विचारलं नसणार. मी सांगायला लागले. की दिसतो, पण क्षणभर दिसतो, मोठ्या खिडकीशी वेळेवर पोचावं लागतं. की खाड्यांची तोंडं तपकिरी दिसतात आणि तो तपकिरी रंग समुद्रात शिरून बराच लांब जातो, तू मोजत असशील त्याच्याही पुढे. की रात्रीच्या बाजूला मासेमारीच्या होड्यांचे दिवे एवढे असतात की किनारा कुठे संपला ते कळत नाही. तो मधे मधे विचारत होता, मी सांगत होते. बोलताना उलटी येत नाही हे माझ्या लक्षात आलं.

"वेंगुर्ला?"

"दिसलं. दोनदा."

"आणि देवबाग?"

"दर खेपेला ढग," मी म्हटलं. "रोज बघायचे. एकदाही नाही दिसलं."

रेडकर उठला, माझा रिकामा वाडगा उचलला, आणि पुन्हा सुकाणूपाशी जाऊन उभा राहिला.

"मगे परत जावक व्हया," तो म्हणाला.